जुने मोटरहोम घेतल्यावर: बिघाड कसे शोधावेत आणि सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात

अमेरिकेत वापरलेले मोटरहोम विकत घेतलेल्या, किंवा घेण्याच्या बेतात असलेल्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून मी फोर्ड ई-४५० च्या चॅसीवर बांधलेले, ड्रायव्हरच्या केबिनवर पलंग असलेले आणि ३० ॲम्पिअरच्या जोडणीचे क्लास सी मोटरहोम धरले आहे. भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडून जुन्या बाजारात येणारी बरीचशी वाहने याच घडणीची असतात आणि पहिल्यांदा घेणाऱ्यांची नजरही त्यांच्यावरच जाते.

अशा वाहनाचे इंजिन, ब्रेक आणि गिअर यांची काळजी कोणतेही मोठे गॅरेज घेते. अडचण येते ती मागच्या घराची. तिथे १२ व्होल्टची वीज, १२० व्होल्टची वीज, प्रोपेन गॅस, पाणी आणि सांडपाणी अशा पाच व्यवस्था एकमेकींत गुंतलेल्या असतात. फ्रिज, फर्नेस आणि गीझर यांच्या नावावर मांडले जाणारे पुष्कळ बिघाड मुळात त्यांचे नसतात. त्यांच्यापर्यंत पोचणारा विजेचा पुरवठा किंवा गॅसचा दाब कमी पडलेला असतो, नाहीतर गाडी तिरकी उभी असते. त्यामुळे नवा भाग मागवण्याआधी मोजमाप घ्यावे आणि सगळी दुरुस्ती पुरी होईपर्यंत सोलर पॅनल व लिथियम बॅटरीच्या जाहिराती बाजूला ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

१. कागद आणि पाट्या वाचा

जवळ असायला हवीत अशी कागदपत्रे पुढीलप्रमाणे:

- विकणाऱ्याच्या नावावरचे टायटल, ज्यावर कोणत्याही बँकेचा बोजा नोंदलेला नाही
- विक्रीची पावती आणि राज्याचे रजिस्ट्रेशन
- मोटरहोमसाठी काढलेला विमा, कारण साध्या मोटारीच्या पॉलिसीत आतले सामान व उपकरणे बहुधा धरलेली नसतात
- फ्रिज, फर्नेस, गीझर, कन्व्हर्टर आणि जनरेटर यांच्या मॉडेल व सिरिअल क्रमांकांचे फोटो

शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण तिच्यावाचून सुट्या भागांचे दुकानदार तुमच्याशी पुढे बोलतच नाहीत. मोटरहोमला दोन निर्माते असतात: चॅसी बनवणारा एक आणि घर बांधणारा दुसरा. त्यामुळे रिकॉल पाहताना एनएचटीएसए या केंद्रीय वाहतूक सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) टाकून थांबू नका. घर बांधणारी कंपनी आणि फ्रिजसारखी उपकरणे यांच्या नावानेही शोध घ्या. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजांचे आगीच्या धोक्यामुळे मोठ्या प्रमाणावर रिकॉल झालेले आहेत, आणि ती दुरुस्ती मागच्या मालकाने करून घेतली होती का, हे त्याच्या तोंडी आश्वासनावर सोडण्यासारखे नाही.

टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोम वर्षातला बराच काळ उभे राहते, म्हणून त्याचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. नक्षी कितीही ठळक दिसली तरी सहा-सात वर्षांनंतर ते बदलण्याची तयारी ठेवा. दारापाशी माणसे व सामान मिळून किती वजन चालेल याची पाटी असते, तिचाही फोटो काढा. पुढे सुधारणा करताना हा आकडा लागणार आहे.

२. अवजारे जमवा

डीसी करंट मोजू शकणारा क्लॅम्प मीटर हे सर्वांत उपयोगी अवजार आहे. साधा मल्टिमीटर व्होल्टेज दाखवतो, पण बॅटरीतून किती वीज ओढली जात आहे हे क्लॅम्प मीटरच न कापता-जोडता सांगतो. त्याखेरीज तीन दिव्यांचा प्लग टेस्टर, भिंतीतील ओल मोजणारा मीटर, गॅसची गळती शोधण्यासाठी साबणाच्या पाण्याची फवारणी, लहान लेव्हल, वेगवेगळ्या ॲम्पिअरचे पाती फ्यूज, पिण्याच्या पाण्याचा पांढरा किंवा निळा होज आणि पाण्याच्या दाबाचा रेग्युलेटर एवढे घ्या. बॅटरीच्या तारांना हात लावताना अंगठी आणि कडे काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण शॉर्ट झालेले धातूचे कडे क्षणात लाल होते.

३. छतावर चढा

विजेची तपासणी सुरू करण्याआधी छत पाहा, कारण मोटरहोम मारते ते पाणी. छत बहुधा ईपीडीएम रबर, टीपीओ किंवा फायबरग्लासचे असते आणि त्याला व्हेंट, एअर कंडिशनर, अँटेना, सांडपाण्याच्या नळीची टोपी अशी अनेक छिद्रे पाडलेली असतात. प्रत्येक छिद्राभोवतीचे सीलंट बोटाने दाबून पाहा. भेगा पडल्या असतील, कडा सुटल्या असतील, तर सैल भाग काढून, जागा स्वच्छ करून, छताच्या प्रकाराला चालणारे आपोआप सपाट होणारे लॅप सीलंट वापरा. हार्डवेअरच्या दुकानातले सिलिकॉन भरणे हा नवख्यांचा ठरलेला सापळा आहे. ते रबराला नीट धरत नाही आणि पुढच्या वेळी त्यावर दुसरे काहीच चिकटत नाही. रबराच्या छतावर पेट्रोलियमयुक्त क्लीनरही वापरू नये, त्याने रबर फुगते.

मग आत या आणि केबिनवरच्या पलंगाचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि कपाटांची आतली बाजू ओलीच्या मीटरने तपासा. क्लास सी मध्ये केबिनवरचा पलंग हा सर्वांत दुबळा भाग असतो, कारण वाऱ्याचा मारा आणि पावसाचा झोत दोन्ही तिथेच येतात. बाहेरच्या फायबरग्लासला हात फिरवल्यावर फुगवटा जाणवला, तर आतले लाकूड सुटलेले आहे. हा खर्च इतका मोठा असतो की वाहन अजून घेतले नसेल तर सौदा सोडून देण्यास एवढे कारण पुरेसे आहे. घेतले असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी शिडी लावा.

४. बारा व्होल्टची व्यवस्था मोजा

मोटरहोममध्ये इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घराची बॅटरी वेगळी असते. घराची बॅटरी बहुधा दारातल्या पायरीखाली बसवलेली असते, आणि बाहेरची वीज जोडलेली असली तरी दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा पंखा, फ्रिजचे आणि गीझरचे कंट्रोल बोर्ड या १२ व्होल्टवरच चालतात. गॅसवर ठेवलेला फ्रिजसुद्धा बॅटरी मेल्यावर बंद पडतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

पहिले मोजमाप असे घ्या. बाहेरची वीज काढा, बॅटरीचा डिस्कनेक्ट स्विच बंद करा आणि बॅटरीला रात्रभर विश्रांती द्या. सकाळी पाण्याच्या म्हणजे लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे तिला धोकादायक मर्यादेपलीकडे वापरले गेले आहे. पूर्ण भरूनही ती एका रात्रीत खाली घसरत असेल, तर तिचे आयुष्य संपले आहे.

दुसरे मोजमाप बाहेरची वीज जोडून. आता त्याच टोकांवर १३.२ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसायला हवा, कारण १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करून बॅटरी भरणारा कन्व्हर्टर कामाला लागलेला असतो. आकडा हलला नाही तर कन्व्हर्टर बदलण्याची घाई करू नका. त्याचा ब्रेकर पाहा, आणि फ्यूजच्या पेटीत एका बाजूला ३० किंवा ४० ॲम्पिअरचे जे एक-दोन मोठे फ्यूज असतात ते काढून तपासा. बॅटरीच्या तारा क्षणभर जरी उलट्या लागल्या तरी हे फ्यूज उडतात, कारण त्यासाठीच ते बसवलेले असतात. आधीच्या मालकाने घाईत बॅटरी बदलली असेल तर बिघाड नेमका इथे सापडतो.

तिसरे मोजमाप इंजिन सुरू करून. घराच्या बॅटरीचा आकडा वाढला नाही, तर इंजिन चालू असताना दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडणारा आयसोलेटर रिले किंवा त्याचा फ्यूज तपासा.

चौथे मोजमाप मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि बहुतेक लोक नेमके तेच टाळतात. एखादे उपकरण चालू ठेवून त्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, त्याच वेळी बॅटरीवरही मोजा, आणि दोन्हींतला फरक पाहा. तो अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर वाटेत कुठेतरी गंजलेला जोड, तारेच्या टोकाची सैल झालेली धातूची कडी (लग) किंवा खराब अर्थिंग आहे. चॅसीला जिथे अर्थिंगची तार बोल्टने कसलेली असते ती जागा घासून चकचकीत केल्यावर ‘बिघडलेली’ उपकरणे पूर्ववत चालू झाल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत. शेवटी सगळे बंद करून क्लॅम्प मीटर लावा: गॅसचा अलार्म, रेडिओची स्मृती आणि कंट्रोल बोर्ड मिळून अर्धा ते एक ॲम्पिअर सतत ओढत असतात, म्हणजे दिवसाला १२ ते २४ ॲम्पिअर-तास. अंगणात उभे असलेले मोटरहोम दोन आठवड्यांत का मरते, याचे उत्तर यात आहे.

५. एकशे वीस व्होल्टची बाजू: सर्वांत महाग सापळा

३० ॲम्पिअरच्या मोटरहोमला १२० व्होल्टची एकच तार येते, म्हणजे एकूण ३,६०० वॉट मिळतात. घराबाहेर मोटरहोमसाठी प्लग बसवून घेताना इलेक्ट्रिशियनला हे लिहून द्या. ३० ॲम्पिअर आणि तीन पिना म्हटल्यावर अनेक इलेक्ट्रिशियन कपडे वाळवण्याच्या यंत्राचा २४० व्होल्टचा प्लग समजतात आणि तशी वायर जोडतात. मोटरहोम लावताक्षणी कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह आणि एअर कंडिशनरचा बोर्ड एकदमच जळतात. प्लग कोणीही बसवलेला असो, वाहन जोडण्याआधी मीटर लावून १२० चा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

मोटरहोम मुक्कामाला लावण्याच्या पार्कमधल्या विजेच्या खांबावरही आंधळा विश्वास ठेवू नये. व्होल्टेज, उलटी पोलॅरिटी आणि तुटलेला न्यूट्रल तपासून मगच वीज आत सोडणारे ईएमएस नावाचे संरक्षक यंत्र मिळते. नुसत्या सर्ज प्रोटेक्टरपेक्षा ते महाग असते, पण माझ्या यादीत ते सोलर पॅनलच्या कितीतरी वर येते. उन्हाळ्याच्या दुपारी सगळे पार्क एअर कंडिशनर लावते तेव्हा व्होल्टेज १०५ च्या खाली जाऊ शकते, आणि कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर चालवणे म्हणजे त्याचे आयुष्य जाळणे होय.

आता ३,६०० वॉटचा हिशेब मराठी स्वयंपाकघराच्या अंगाने पाहू. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एअर कंडिशनर सुमारे १३ ॲम्पिअर घेतो. पोळ्यांसाठी लावलेली १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी १५ ॲम्पिअर घेते. झाले २८. त्यात गीझर विजेवर राहून गेला असेल तर त्याचे सुमारे १२ ॲम्पिअर वाढतात आणि मुख्य ब्रेकर पडतो. हा बिघाड नाही. गीझर गॅसवर टाका, किंवा पोळ्या होईपर्यंत एअर कंडिशनर थांबवा. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवण्याची पद्धत मात्र कृपया मोटरहोममध्ये आणू नका. छताचा पंखा लावा आणि समोरची खिडकी बोटभर उघडा.

अर्ध्या वाहनातले प्लग एकदम बंद पडले, तर न्हाणीघरातला जीएफसीआय, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा प्लग पाहा. स्वयंपाकघर आणि बाहेरचे प्लग बहुधा त्याच्याच पुढे जोडलेले असतात. घराच्या गॅरेजमधल्या अशाच प्लगला वाहन लावताच तो प्लग पडत असेल, तर गीझरचा गळका हीटर किंवा वाहनात कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र झाले असल्याचा संशय घ्या; मोटरहोमच्या पेटीत हे दोन वेगळेच राहिले पाहिजेत.

६. गॅस

गॅसच्या बाबतीत तुमचे काम पाहणे, वास घेणे आणि साबणाचे पाणी मारणे एवढेच आहे. उपकरणांना गॅस ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतक्या, म्हणजे जेमतेम ०.४ पीएसआय दाबाने मिळायला हवा. हा दाब मॅनोमीटरने मोजणे, रेग्युलेटर बदलणे आणि पाइपांची वेळ लावून घेतलेली गळती-चाचणी ही कामे आरव्हीटीआयसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञाकडून करून घ्या. घरी येणारे फिरते तंत्रज्ञ बहुतेक भागांत मिळतात, आणि खरेदीनंतर पहिला पैसा मी याच चाचणीवर खर्च करीन.

प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याचा अलार्म जमिनीलगत असतो. तो काढून मागची तारीख पाहा. गॅसचे अलार्म साधारण पाच ते सात वर्षांत, आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म मॉडेलनुसार पाच ते दहा वर्षांत बदलायचे असतात. हिरवा दिवा लागतो म्हणून अलार्म जिवंत आहे असे समजू नये.

एक छोटी युक्ती: टाकीचा व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडा. झटक्यात उघडल्यास गळती झाली असे समजून सुरक्षा व्हॉल्व्ह प्रवाह आवळून धरतो आणि शेगडी मिणमिणते. टाकी भरल्यानंतर आधी शेगडीचा एक बर्नर पेटवून पाइपातली हवा जाऊ द्या, मगच फ्रिज आणि फर्नेस लावा.

७. फर्नेस, फ्रिज आणि गीझर

फर्नेसचा बिघाड कानाने ओळखता येतो, कारण तिचा क्रम ठरलेला आहे. थर्मोस्टॅटने हाक दिली की आधी पंखा फिरतो. पंख्याच्या वाऱ्याने सेल स्विच नावाची एक हलकी पट्टी ढकलली गेली, की बोर्डाला हवा पुरेशी असल्याचे कळते. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणग्यांची टिकटिक ऐकू येते.

- पंखाच फिरत नसेल, तर फ्यूज, थर्मोस्टॅट आणि फर्नेसवरचा स्विच पाहा.
- पंखा फिरतो पण टिकटिक येत नसेल, तर बॅटरी पाहा. व्होल्टेज कमी असले की पंखा हळू फिरतो, पट्टी ढकलली जात नाही, आणि थंड वाराच येत राहतो. पहाटे तीनला बंद पडणाऱ्या फर्नेसचे बहुधा हेच कारण असते.
- टिकटिक येते पण ज्योत लागत नसेल, तर गॅस पोचत नाही, किंवा बाहेरच्या जाळीतून गांधीलमाश्यांनी आत मातीचे घर केले आहे. त्यांना प्रोपेनला मिसळलेला वास आवडतो असे म्हणतात. कारण काही असो, बारीक जाळ्या बसवून घेणे स्वस्त पडते.

जुन्या मोटरहोममधला फ्रिज घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसरवर चालत नाही. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे मिश्रण उष्णतेने फिरवले जाते आणि द्रव केवळ उताराने परत येतो. त्यामुळे वाहन तिरके उभे करून तो तासन्‌तास चालवला तर मागच्या नळ्या कायमच्या चोंदतात. धावत्या वाहनात द्रव हिंदकळत राहतो म्हणून तेव्हा ही अडचण येत नाही. थंड व्हायला त्याला बारा तासांहून जास्त लागू शकतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी लावा. तपासणी सोपी आहे: विजेवर गारवा येतो आणि गॅसवर येत नाही, तर बर्नर किंवा गॅसचा दाब पाहा, दोन्हींवर येत नाही, तर मागची हवा खेळते आहे का ते पाहा, आणि तीही ठीक असेल तर कूलिंग युनिट गेले. अमोनियाचा वास आला किंवा मागे पिवळी पूड दिसली, तर फ्रिज त्याच क्षणी बंद करा, कारण आतला हायड्रोजन पेट घेऊ शकतो.

गीझरमधून कोमट पाणी येते या तक्रारीचे कारण बहुतेकदा मागचा, गीझर वगळून पाणी पुढे नेणारा बायपास व्हॉल्व्ह असतो. हिवाळ्यात फिरवलेला तो तसाच राहिलेला असतो. गीझर रिकामा असताना विजेचा स्विच लावला तर हीटर काही सेकंदांत जळतो, म्हणून आधी नळातून गरम बाजूचे पाणी येते याची खात्री करा. सबर्बन कंपनीच्या पोलादी टाकीत गंजापासून वाचवणारा ॲनोड रॉड असतो, तो दरवर्षी काढून पाहावा. ॲटवुडच्या ॲल्युमिनियमच्या टाकीला तो लागत नाही.

८. पाणी आणि सांडपाणी

सगळे नळ बंद असताना पंप मधूनच घुरघुरला, तर कुठेतरी गळती आहे किंवा पंपाचा, पाणी उलटे जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह धरत नाही. पंप सतत चालतो पण पाणी येत नाही, तेव्हा ओढणाऱ्या बाजूची गाळणी सैल झालेली असते किंवा अँटीफ्रीझ ओढण्यासाठीचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. पार्कच्या नळाला जोडताना ४० ते ५० पीएसआयचा रेग्युलेटर नळाच्या तोंडाशीच लावा, म्हणजे तुमचा होजही वाचतो.

नव्याने आलेल्या वाहनाची टाकी निर्जंतुक करण्यासाठी दर १५ गॅलनला पाव कप साधा, बिनवासाचा ब्लीच पाण्यात कालवून घाला, प्रत्येक नळाला वास येईपर्यंत फिरवा, काही तास ठेवा आणि मग वास जाईपर्यंत धुवा. पाण्याचे फिल्टर त्याआधी काढून ठेवा. न्यू जर्सी किंवा मिशिगनमध्ये राहणाऱ्यांनी पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीच्या आत नळ्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरावे. मोटारीच्या रेडिएटरचे अँटीफ्रीझ विषारी असते, ते पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत कधीही घालू नये.

संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह पार्कमध्ये उघडा ठेवण्याचा मोह टाळा. पाणी निघून जाते आणि बाकीचे घट्ट होऊन बसते. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्या आणि मग एकदम सोडा. सिंकमध्ये तूप-तेल ओतू नका.

९. जनरेटर

जनरेटर इंजिनाच्याच पेट्रोलच्या टाकीतून इंधन घेतो, पण त्याची नळी टाकीच्या तळाशी जात नाही. टाकी पावभर राहिली की जनरेटर मुद्दाम बंद पडतो, जेणेकरून तुम्हाला पंपापर्यंत गाडी नेता यावी. बंद जनरेटर पाहून कार्बोरेटर उघडण्याआधी पेट्रोलचा काटा आणि ऑइल पाहा. न वापरल्याने मात्र कार्बोरेटर खरोखरच चोंदतो. महिन्यातून एकदा सुमारे दोन तास, निम्म्या भारावर, म्हणजे ४,००० वॉटच्या यंत्राला एअर कंडिशनर लावून चालवत जा.

१०. आता सुधारणा

पहिला प्रश्न असा विचारा की तुम्ही रात्री कुठे काढणार आहात. नेहमी वीज-पाण्याची जोडणी असलेल्या पार्कमध्ये राहणार असाल, तर चांगली लेड-ॲसिड बॅटरी आणि ईएमएस एवढ्यावर तुमचे काम भागते, आणि लिथियमवरचा खर्च हौसेचा ठरतो. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडांत मात्र विजेची जोडणी नाही, यलोस्टोनमध्ये ती फक्त फिशिंग ब्रिजला आहे, आणि जनरेटर लावण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. तिथे जाणाऱ्यांनी पुढचा हिशेब करावा.

थंड रात्री फर्नेसचा पंखा सुमारे ७ ॲम्पिअरने आठ तासांपैकी निम्मा वेळ फिरला तर २८ ॲम्पिअर-तास जातात. अलार्म आणि बोर्डांचे १५ ते २०, छताच्या पंख्याचे १०-१५, दिवे, पंप आणि फोन मिळून १०. म्हणजे दिवसाला सत्तरच्या आसपास. जुने १८ वॉटचे दिवे प्रत्येकी दीड ॲम्पिअर खातात. ते एलईडी केल्यास तेच काम त्याच्या सहाव्या-सातव्या भागात होते, म्हणून सुरुवात इथून करा.

दुसरी पायरी बॅटरीची. लेड-ॲसिडमधली निम्मीच वीज वापरायची असते, त्यामुळे ६ व्होल्टच्या दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्या जोडून मिळणाऱ्या सुमारे २२० ॲम्पिअर-तासांपैकी ११० हाती येतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी जवळजवळ सगळी वापरता येते आणि तिचे वजन तेवढ्याच लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी असते. मात्र ती जुन्या जागी नुसती बसवून चालत नाही. जुना कन्व्हर्टर तिला पूर्ण भरू शकत नाही, म्हणून १४.४ ते १४.६ व्होल्ट देणारा लिथियमचा पर्याय असलेला कन्व्हर्टर लागतो. ती इंजिनाच्या अल्टरनेटरमधून इतका करंट ओढते की तो तापून जळू शकतो, म्हणून मध्ये २० ते ४० ॲम्पिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. आणि शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती भरली तर कायमची बिघडते; पायरीखालची उघडी जागा सोडून तिला आत घ्या, किंवा थंडीत चार्जिंग तोडणारी बॅटरी निवडा.

सोलर पॅनलचा हिशेब नम्रपणे करा. २०० वॉटचे सपाट टाकलेले पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला ५० ते ६० ॲम्पिअर-तास देईल, आणि योसेमिटीच्या पाइनच्या सावलीत त्यातले फारच थोडे. पॅनलमधून बॅटरी भरणारा कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी आणि नंतर पॅनल, काढताना उलट. छताला पाडलेले प्रत्येक नवे छिद्र तिसऱ्या भागातल्या छताच्या तपासणीत येते, हे विसरू नका.

इन्व्हर्टर सर्वांत शेवटी. २,००० वॉट काढायचे तर बॅटरीतून सुमारे १७५ ॲम्पिअर वाहतात. त्याला अंगठ्याएवढी जाड तार आणि बॅटरीच्या धन टोकालगत क्लास टी फ्यूज लागतो. संपूर्ण पेटी इन्व्हर्टरवर टाकली तर कन्व्हर्टरही त्याच विजेवर चालू होऊन बॅटरीतून घेतलेली वीज पुन्हा बॅटरीत भरू पाहतो, आणि दोघांच्या तोट्यात बॅटरी रिकामी होते. त्या वेळी कन्व्हर्टरचा ब्रेकर बंद राहील अशी जोडणी करून घ्या. छतावरचा एअर कंडिशनर बॅटरीवर चालवण्याची स्वप्ने दाखवणाऱ्यांना विचारा, की १०० ॲम्पिअर-तासांवर तो किती वेळ चालेल. उत्तर पाऊण तासाच्या आसपास येते. त्याऐवजी सॉफ्ट स्टार्टर बसवल्यास सुरुवातीचा झटका कमी होऊन तोच एअर कंडिशनर २,२०० वॉटच्या लहान जनरेटरवरही सहसा चालतो.

११. चाचणीची रात्र आणि वजन

सगळे जोडून झाल्यावर एक रात्र घराच्या अंगणात, बाहेरची वीज काढून, फर्नेस आणि फ्रिज गॅसवर ठेवून झोपा, आणि झोपण्याआधीचे व उठल्यावरचे बॅटरीचे आकडे वहीत लिहा. दुसरी रात्र जवळच्या, जोडणी असलेल्या पार्कमध्ये काढा. मग पाणी, पेट्रोल आणि सामान भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन करा आणि वाहनावर लिहिलेल्या कमाल एकूण वजनाशी ताडून पाहा. ४० गॅलन पाणीच सुमारे ३३० पौंड भरते. बसवलेल्या प्रत्येक वस्तूची पावती आणि फोटो विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या, कारण न कळवलेले सोलर आणि बॅटऱ्या नुकसानभरपाईच्या वेळी धरले जातीलच असे नाही.